ट्रकवर ओळ लिहिणारे हबीबभाई

हबीबभाईंकडे कोणी ट्रकवर ओळ लिहून मागितली, की ते आधी त्याला आमच्या ठेल्यावर चहाला आणत. चहा संपेपर्यंत रंगाच्या डब्याचं झाकणही उघडत नसत. ड्रायव्हर घाईत असायचा. "चाचा, लिहा न काही बी," म्हणायचा. हबीबभाई बशीत चहा ओतत, त्यावर फुंकर घालत आणि विचारत, "काही बी म्हंजे काय? घरी कोण कोण हाय तुह्या?"

पांढरकवड्याला हैदराबाद रोडवर गॅरेजची रांग आहे. तिथे पंक्चरवाला आणि बॅटरीवाला यांच्या मधात हबीबभाईंचं टिनाचं शेड होतं. समोर आमचा चहा-भज्यांचा ठेला. नवऱ्याला मी मालक म्हणते. मालक चहा करतात, मी कढईवर असते. मी फारशी बोलत नाही. चौथीपर्यंत शिकले, वाचता येतं, लिहिता येतं, पण चारचौघांत तोंड उघडायला जमत नाही. मात्र कढईपाशी उभ्या असलेल्या बाईकडे कोणाचं लक्ष नसतं, त्यामुळे ऐकायला भरपूर मिळतं. हे मी कोणाला दाखवायला लिहीत नाही. हबीबभाई आठवले की हसू येतं. ते हसू कुठेतरी ठेवावं म्हणून लिहिते.

ते उंच आणि काटकुळे होते. दाढीला मेंदी, चष्म्याच्या तुटलेल्या दांडीला दोरा बांधलेला. विचार करताना त्यांना कपाळ खाजवायची सवय होती, आणि हातात ब्रश असायचाच. त्यामुळे आज कोणत्या रंगाची गाडी आली आहे हे त्यांच्या कपाळावरून कळायचं. जुम्म्याच्या नमाजला जायचं असलं की पंक्चरवाला गफूर रॉकेलचा बोळा घेऊन त्यांच्या मागे लागायचा.

ट्रकच्या मागच्या फळीला, म्हणजे फाळक्याला, ठरलेल्या ओळी लिहिणारे पेंटर या रस्त्यावर पुष्कळ होते. त्या ओळी हबीबभाई लिहीत नसत. एकाच्या गाडीवरची ओळ दुसऱ्याच्या गाडीवर घालणं म्हणजे एकाचं बनियन दुसऱ्याला घालणं, असं ते म्हणायचे. ते ड्रायव्हरला बोलतं करत. गाव, घर, बायको, लेकरं, कोणता घाट आवडत नाही, कोणत्या ढाब्यावरची डाळ आवडते, सगळं. मधेच डोळे मिटून घेत. पहिल्यांदा येणाऱ्याला वाटायचं म्हातारा झोपला. तो गप्प झाला की हबीबभाई डोळे उघडत आणि म्हणत, "ते मघाचं पुन्हा बोल."

ओळ सापडली की गफूरला बोलावणं जायचं. त्याने ती मोठ्याने वाचायची. गफूर कुठे अडखळला, तर तो शब्द बदलायचा. मागच्या गाडीवाल्याला ओळ एका श्वासात वाचता आली पाहिजे, नाहीतर तो वाचत बसेल आणि येऊन धडकेल, असं त्यांचं म्हणणं होतं. गफूरला या कामाचा अभिमान होता. मी पास केल्याशिवाय चाचांची एकही ओळ रोडवर लागत नाही, असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा.

एकदा गिट्टी वाहणारा एक ड्रायव्हर आला. घरी नुकतीच मुलगी झाली होती, आणि उतारावर मागच्या गाड्या फार अंगावर येतात, अशी त्याची तक्रार होती. हबीबभाईंनी लिहिलं:

हळू, हळू, हळू. घरी लहान आहे.

गफूर म्हणाला, तीन वेळा कशाला, रंग फुकटचा आहे का? हबीबभाईंनी त्याला पुन्हा वाचायला लावलं. मग समजावलं की पहिला हळू डोळ्यांनी वाचला जातो, दुसरा तोंडाने, आणि तिसऱ्यापर्यंत माणसाचा पाय आपोआप ब्रेकवर जातो. एकच हळू म्हणजे पाटी झाली. तीन हळू म्हणजे पाळण्याची दोरी झाली. गफूरने वाचलं, आणि खरंच त्याचा आवाज खाली आला. आजूबाजूला कोणी झोपलं असावं तसा तो वाचत होता.

दुसरा एक पुसदकडचा ड्रायव्हर, त्याची गाडी फार जुनी. चढावर मागचे लोक हॉर्न देऊन त्याला चिडवायचे. त्याला गाडीची लाज वाटायची. हबीबभाई त्या गाडीभोवती फिरले, तिच्या बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, तू नको बोलू, तिलेच बोलू दे. मागे ओळ आली:

वय विचारू नका, ओझं विचारा.

त्या दिवसापासून ती गाडी चढावर आली की लोक वाचायचे आणि हसायचे, पण ते हसणं वेगळं असायचं. घरातल्या म्हाताऱ्या बाईने ठसक्यात उत्तर दिल्यावर माणसं जशी हसतात तसं. ड्रायव्हरसुद्धा मग ठेल्यावर येऊन "आमची म्हातारी आज पाण्यासाठी थांबली" असं म्हणायला लागला.

यमकाचं त्यांना वेड नव्हतं. एकजण हट्टाला पेटला की माझी गाडी हैदराबादला जाते, तर ओळीत हैदराबाद पाहिजे आणि त्याला जुळणारं काहीतरी पाहिजे. हबीबभाईंनी कपाळ खाजवलं, पुष्कळ खाजवलं. शेवटी म्हणाले, जुळते ते एकच, बरबाद. तुह्या मालकाले चालते का विचार. तो माणूस नुसता गावाचं नाव लिहून घेऊन गेला.

माझी मुलगी पूजा तेव्हा दहावीला होती. ठेल्यामागच्या बाकावर बसून मोठ्याने पाठ करायची. उपमा, रूपक, अतिशयोक्ती, चेतनगुणोक्ती. मला ती नावं नवी होती. तिने एकदा निर्जीव वस्तू सजीवासारखी बोलते तो अलंकार वाचला आणि धावत हबीबभाईंकडे गेली. म्हणाली, चाचा, तुमची म्हातारी गाडी आमच्या पुस्तकात आहे. हबीबभाईंना त्या नावाचा फार आनंद झाला. चे-त-न-गु-णो-क्ती, असं त्यांनी दोनचारदा म्हणून पाहिलं. एवढ्या मोठ्या नावाची वस्तू आपल्याकडे होती आणि आपण तिला नुसतं म्हातारी म्हणत होतो, म्हणाले. पूजाने वहीत उदाहरण म्हणून तीच ओळ लिहिली. तिच्या बाईंनी त्यावर बरोबरची खूण केली आणि ती कुठे वाचली असं विचारलं. हबीबभाईंनी त्या दिवशी रांगेतल्या सगळ्यांना भजे खाऊ घातले.

कधी कधी ते मलाही विचारायचे. "ताई, भजं तेलात सोडलं की तळाशी जाते अन् मंग वर येते. कसं दिसते वर येताना?" मी मान खाली घालायची. ते थांबून राहायचे, सोडायचे नाहीत. एकदा मी कसंबसं म्हटलं, झोपेतून उठलेल्या लेकरासारखं. त्यांनी ते गफूरला सांगितलं, बॅटरीवाल्याला सांगितलं, माझ्या मालकांना दोनदा सांगितलं. मी दिवसभर पदर सारखा करत राहिले. पण त्यानंतर बरेच दिवस भजं वर आलं की मला बरं वाटायचं.

आता मारोतीचं सांगते.

मारोती केळापूरचा. गाडी त्याच्या मामाची, चालवायचा तो. महागावच्या बाजारातून सोयाबीन आणि कापसाच्या गठाणी भरायच्या आणि बाहेर पोचवायच्या. त्याची बायको रेखा माहेरी निघून गेली होती. माहेर महागावच्या अलीकडे, अगदी रोडवर, घराचं दार रस्त्याकडे. म्हणजे ज्या घरात बायको रुसून बसली आहे, त्याच घरासमोरून त्याला जाता-येता गाडी न्यावी लागायची. हॉर्न दिला तर दार बंद व्हायचं. फोन तर ती घ्यायचीच नाही.

तो ठेल्यावर आला आणि चहाला हात न लावता रडला. एवढा दांडगा माणूस. जाताना ती काय म्हणाली हे त्याने सांगितलं. तू फोनवर उद्या लवकर येतो म्हणतोस, पण तुझ्या त्या उद्यानं उजेडात माझ्या घरचा दरवाजा एकदाही पाहिला नाही, असं म्हणाली होती. हबीबभाईंनी डोळे उघडले.

"हे तिनं म्हणलं?"

"हो."

"मंग तू तिच्याकडून लिहून घे बापा. मी कायले पाह्यजे?"

मारोती हसला नाही. त्याची ओळ त्याने मनाशी करूनच आणली होती, आणि तीच पाहिजे असा त्याचा हट्ट होता: तुझ्याविना जीव जळतो जसा कापूस. वाचणारा रडलाच पाहिजे, म्हणाला. हबीबभाईंना ती पटली नाही. कापूस भसकन जळतो आणि संपतो, मागे काही उरत नाही. बाईला वाटेल आग विझली, आता कशाला जाऊ. पण मारोतीचे डोळे पाहून त्यांनी वाद सोडला. फाळक्यावर ओळ लिहिली, अक्षरांना लाल कडा दिल्या, एका बाजूला ज्वाळासुद्धा काढल्या. गफूरने एका श्वासात वाचली. मारोती खुशीत गेला.

दुसऱ्या फेरीला तो आला तो गाडीतून उतरलाच नाही. स्टेअरिंगवर डोकं टेकून बसला. माझे मालक चहा घेऊन गेले तेव्हा त्यांना समजलं. रेखाच्या घरासमोर त्याने हॉर्न दिला होता, गाडी हळू केली होती. या वेळी ती दारात आली. तोपर्यंत गाडी पुढे सरकली होती. तिने ओळ वाचली आणि भावाकरवी फोनवर निरोप पाठवला: जळत असेल तर जळू दे, पण जाता जाता काहून सांगते?

गफूरला हसू आवरेना. मालकही हसले. हबीबभाई मात्र बशी हातात धरून तसेच बसले. चहावर साय आली तरी ते बशीकडे पाहत नव्हते. मग म्हणाले की चूक मारोतीची नाही, आपली आहे. आपण जन्मभर मागे लिहिलं. मागचं वाचतो कोण? ज्याला आपण मागे टाकून चाललो तो. मागच्या ड्रायव्हरला ते ठीक आहे, त्याचं आपलं नातं काय. पण घरच्या माणसाला मागून सांगितलं की शब्द कोणताही असो, त्याचा अर्थ एकच होतो, मी चाललो.

"तिच्यासाठी म्होरं लिहा लागते," ते म्हणाले. "गाडी येताना दिसली पाह्यजे ओळ."

गाडीच्या पुढे काचेच्या वर देवाचं नाव होतं, त्याला हात लावायचा प्रश्नच नव्हता. काचेखाली मामाच्या गावाचं नाव होतं. मारोती घाबरला. मामाच्या गावाचं नाव पुसून त्या जागी आपल्या घरचं भांडण लिहायचं का, म्हणाला. हबीबभाईंनी मामालाच फोन लावायला सांगितला आणि स्वतः बोलले. मामा म्हणे बराच वेळ हसला, आणि सून घरी आली तर गावाचं नाव नंतर पुन्हा लिहू, म्हणाला.

जागा मिळाली, पण ओळ नव्हती. हबीबभाईंनी मारोतीला बाकावर बसवलं. जीव, आग, रडणं, यातलं काहीही न बोलता रेखाचं सांग, म्हणाले. मारोतीला सुचेना. तो म्हणाला, ती चांगली आहे. हबीबभाई म्हणाले, पुढं. तो म्हणाला, भाजी छान करते. पुढं. मग तो आपल्याच नादात बोलू लागला. घरी गेलो की ती झोपलेली राहे, चुलीजवळ ताट झाकून ठेवलेलं राहे, वरून दुसरं ताट, कितीही उशीर होवो, ताट झाकलेलं राहेच. आणि पुन्हा रेखाच्या भावाच्या फोनचं रडगाणं सुरू झालं.

"ते मघाचं पुन्हा बोल," हबीबभाई म्हणाले.

"काय?"

"ताटाचं."

मी भजे काढायचे विसरले. एक घाणा करपला.

काचेखाली त्यांनी मोठ्या, गोल, पांढऱ्या अक्षरांत लिहिलं:

ताट झाकू नको. आलोच.

गफूरने वाचलं आणि म्हणाला, चाचा, हे वाचून मले भूक लागली. पूजा शाळेतून आली होती, तिने पुस्तकातले सगळे अलंकार लावून पाहिले. यात जसा नाही, सारखा नाही, यमक नाही, प्रेम तर कुठेच नाही, म्हणाली. हबीबभाई ब्रश धूत होते. त्यांनी मान न उचलता सांगितलं, "प्रेम त्या ताटाखालीच हाय, बेटा. आपण उघडाचं नाई. जिचं हाय ते उघडन."

मारोती मात्र भेदरलेला होता. एवढ्या साध्या बोलण्यावर ती येईल असं त्याला वाटत नव्हतं. आधीची ओळ निदान ओळीसारखी तरी होती. हबीबभाईंनी त्याला एकच ताकीद दिली. घरासमोर हॉर्न द्यायचा नाही. लांबून, हळू, सरळ यायचं.

तो गेला आणि आमच्या रांगेत कोणाचं कामात लक्ष लागेना. गफूर पंक्चर काढता काढता उठून रस्त्याकडे पाहायचा. मालकांनी एका गिऱ्हाइकाला साखर न घालता चहा दिला. हबीबभाई एका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर फूल काढत होते, ते एवढं मोठं झालं की ट्रॉलीवाल्याला नाव लिहायला जागा उरली नाही. मला मनातून वाटत होतं की नाही आली तर हबीबभाईंना मारोतीपेक्षा जास्त लागेल. एवढी वर्षं ओळी लिहिल्या, पण कोणाचं घर त्यांच्या ओळीवर कधी टांगलं नव्हतं.

गाडी दिसली ती दुसऱ्या दिवशी दुपारी, चार वाजायच्या आधी. उन्हात काचेआड काही समजत नव्हतं. आधी ओळच दिसली. मग जवळ आल्यावर काचेमागे दोन माणसं दिसली. गफूर काहीतरी ओरडणार होता, मालकांनी त्याचा हात धरला.

रेखा एकटी उतरली. ठेंगणी, सावळी, डोक्यावरून पदर घेतलेला, आणि चेहरा असा की अजून काहीच ठरलेलं नाही. मारोती स्टेअरिंगपाशीच बसून राहिला. ती सरळ हबीबभाईंच्या शेडमध्ये गेली.

"हे तुमीनं लिहिलं का, चाचा?"

"अक्षर माहं," हबीबभाई म्हणाले.

"अन् बोल?"

हबीबभाईंनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं. आपणच लिहिलं असं ते म्हणाले असते तर तेही खोटं नव्हतं. पण ते म्हणाले, "बोल तुह्या नवऱ्याचे. त्याले मालूम नोयतं आपण काय बोल्लो ते. मी फक्त उचलले."

तिने मागे वळून गाडीकडे पाहिलं. मारोती उतरून खाली आला होता, पण जवळ यायची हिंमत नव्हती.

"म्हंजे तुले ताट दिसे?" तिने विचारलं.

"रोज दिसे."

"मंग सकाळी रिकामं कसं राहे ते? मले वाटे तू बाहेरून खाऊन येते अन् माह्या हातचं गाईले टाकते."

मारोती पायाकडे पाहत म्हणाला, "खावो न मी. भाकर कडक झाली राहे, पाण्यात भिजवून खावो. तुले उठवो नाई. दिवसभर खपलेली राहे तू."

रस्त्यावरून गाड्या जात होत्या. रेखा ठेल्याकडे आली आणि बाकावर बसली. मी कागदात गरम भजे बांधून तिच्यापुढे ठेवले. तिने ते उघडले, पाहिले, आणि कागद मारोतीकडे सरकवला. "घे," म्हणाली, "गरम हाय तोपर्यंत."

ती ओळ पूजाच्या बाईंना कशी वाटेल याचा मी रात्री विचार करत होते. पूजाने नंतर त्यांना सांगितली. त्या म्हणाल्या, त्या ताटाला प्रतिमा म्हणतात. हबीबभाईंना हा शब्द चेतनगुणोक्तीपेक्षा आवडला, कारण तो गफूरलाही एका श्वासात म्हणता आला.

पुढे त्यांचे डोळे अधू होत गेले आणि मुलीने त्यांना आदिलाबादला नेलं. फोनवर बोलतात, आवाज अजून तसाच खणखणीत आहे. आता त्या शेडमध्ये रेडियमची अक्षरं कापून मिळतात. पण मला हबीबभाई आठवतात ते त्या दुपारचेच.

भजे खाऊन झाल्यावर रेखा उठली आणि गाडीच्या मागे गेली. ते जळणं आधी पुसा, लोक मले हसतात, म्हणाली. हबीबभाई लगेच स्टुलावर चढले. रॉकेलने कापूस पुसला, ज्वाळा पुसल्या, त्यावर फाळक्याच्या रंगाचा हात दिला. मग त्यांनी विचारलं, आता इथं काय लिहू? रेखा म्हणाली, काहीच नको, कोरं राहू द्या. मारोती म्हणाला, कोरं कसं, मागे काहीतरी लागतंच, निदान हॉर्न द्या एवढं तरी. ती म्हणाली, तुझ्या हॉर्ननंच तर माझं डोकं उठवलं होतं. तो म्हणाला, तो हॉर्न तुझ्यासाठी होता, हा मागच्यांसाठी आहे. ती म्हणाली, मागच्यांसाठी कोणता अन् माझ्यासाठी कोणता, मले काय समजन? दोघं एकाच वेळी बोलत होते, हातवारे करत होते, कोणीच कोणाचं ऐकत नव्हतं. महिनोन्महिन्यांचं तुंबलेलं बोलणं भर रस्त्यात चाललं होतं. गफूरने पंक्चरची ट्यूब पाण्यात तशीच सोडून दिली होती आणि तोंड उघडं टाकून पाहत होता.

हबीबभाई स्टुलावर उभे होते, भरलेला ब्रश हवेत धरून. रंग मनगटावरून कोपराकडे ओघळत चालला होता. एकदा हिच्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहत ते सारखे म्हणत होते, "बोला, बोला. मले काही घाई नाई."